सर, तुमच्या करंगळीचे आभार

आदरणीय सर,

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "हां हां, असू दे की" म्हणून विषय बदलला असता. म्हणून इथं चारचौघांत लिहिते.

माझ्या मुलीनं इंग्रजीच्या वहीत 'बेळगाव इज अपार्ट ऑफ कर्नाटक' असं लिहिलं होतं. लिहायचं होतं 'अ पार्ट', म्हणजे एक भाग. पण 'अ' पुढच्या शब्दाला चिकटला आणि अर्थ झाला वेगळं, बाजूला. दुसऱ्या कुठल्या गावात ही नुसती स्पेलिंगची चूक ठरली असती. आमचं गाव 1956 साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं आणि त्याचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. इथं त्याचं राजकारण झालं. क्लासच्या सरांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, "घरी हेच शिकवतात वाटतं?" म्हणाले, आणि पोरं फिदीफिदी हसली. फी घेताना मात्र घरी काय शिकवतात याची चौकशी कुणी केली नव्हती. चुकलं काय, ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही. लाल गोल तेवढा मारून दिला. पोरगी दोन घास धड जेवली नाही.

तुमची सगळी नोकरी कन्नड शाळेत गेलेली. ते वाक्य बघून तुमच्याही कपाळाला आठी पडेल या धास्तीनं मी दारातच घुटमळत होते. तुम्ही वही ओढून घेतलीत, 'अ' आणि 'पार्ट' यांच्या मध्ये करंगळी ठेवलीत आणि म्हणालात, "बाळ, इथं एवढी जागा सोड की. झालं."

पुढं 'ऑफ' आला तर भाग, 'फ्रॉम' आला तर वेगळं, ही खूण सांगितलीत. दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये एकच, हेही सांगितलंत. ते तिला कितपत समजलं कोण जाणे, मला फार आवडलं. तिच्या लक्षात राहिली ती करंगळी. आता कुठलंही वाक्य लिहिताना मध्ये बोट ठेवून बघते. अक्षर पसरट झालंय, पण असू दे.

सर, आपल्याकडे पाटीवर कुठली भाषा वर, यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. त्याच पाटीखाली भाजीचा भाव मात्र अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये ठरतो आणि सुट्टे पैसे नसले तर "उद्या द्या" म्हणून पिशवी हातात ठेवली जाते. अशा गोष्टींची बातमी होत नाही. बरंच आहे म्हणा, झाली तर तिलाही कुणीतरी झेंडा लावायचं.

आता पोरीची नवी शंका: 'ऑल टुगेदर' आणि 'ऑल्टुगेदर' यांत काय फरक? तिथंही करंगळी ठेवायची का, म्हणते. रविवारी पाठवते तिला. सोबत आपल्या बेळगावची मिठाई, कुंदा असेल. काकूंना विचारलंय, तेव्हा साखरेची सबब चालणार नाही.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली शेजारीण