भुसावळच्या त्या बेकरीवाल्या भाऊंचे मनापासून आभार

नाताळाचा फराळ म्हणजे आमच्याकडे सगळं घर कामाला लागतं, करंज्या, कलकल (शिंपल्याच्या आकाराचे छोटे, गोड तळलेले तुकडे), आणि केक मात्र दरवर्षी बेकरीच्या भट्टीत. यंदा 23 तारखेला संध्याकाळी मिश्रण कालवून डबे भरून गेलो तर नेहमीच्या बेकरीची भट्टी बंद पडलेली, आईचं तोंड एकदम उतरलं कारण कालवलेलं मिश्रण सकाळपर्यंत टिकत नाही.

तिथल्याच एका गिऱ्हाईकाने स्टेशनकडच्या गल्लीतली लाकडाची भट्टी दाखवली. तिथले भाऊ म्हणाले, आत्ता पावाची आच आहे, केक वरून जळेल अन् आतून कच्चा राहील, पाव निघू द्या. नंतर त्यांनी एकेका डब्यावर कागद झाकला, लांब फावड्याने डबे कडेला सरकवले, मधूनमधून काडी खुपसून बघत होते. आईला थंडी वाजतेय बघून स्वतःची खुर्ची भट्टीजवळ ठेवली, चहा मागवला. खरं तर त्यांची घरी जायची वेळ कधीच टळून गेली होती!!

पैसे विचारले तर म्हणे, मावशी, सणाचं काम आहे, राहू द्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. भाऊ, केक एकही जळला नाही, खूप खूप धन्यवाद, आणि ज्या दादांनी रस्ता दाखवला त्यांनाही.