मंत्रीसाहेब, धक्के बांधताय ते ठीक, पण नांगर टाकायच्या जागेचं काय?

मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. वर्सोव्यातून लिहितोय. मासेमारी आणि बंदरं दोन्ही खाती तुमच्याकडेच आहेत म्हणून हे पत्र तुम्हालाच, नाहीतर आमचं नेहमीचं असं होतं की एका ऑफिसात गेलं की सांगतात हे पाण्यातलं काम आहे तिकडे जा, आणि तिकडे गेलं की विचारतात बोट मासेमारीची ना, मग इकडे कशाला आलात.

विषय एवढाच की खाडीत आणि बंदरात बोटी नांगरायच्या कशा आणि दोन बोटींमध्ये अंतर किती ठेवायचं. आता जुलै चालू आहे, १ जूनला लागलेली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपेल, तोपर्यंत काही बोटी पावसाळ्यासाठी झाकून (शाकारून) काठावर आणि बाकी सगळ्या खाडीत दाटीवाटीने. मग ऑगस्टमध्ये सगळे एकदमच बाहेर पडणार. दरवर्षी याच दिवसांत कोणाचं तरी फळकूट फुटतं, कोणाचा दोर पंख्यात जातो आणि धक्क्यावर शिवीगाळ होते.

लोकांना वाटतं बोट १२ मीटरची म्हणजे तिला १२ मीटर जागा दिली की झालं. तसं नाही ना साहेब. नांगर नुसत्या वजनावर बोट धरत नाही, तो गाळात आडवा ओढला गेला तरच रुततो, आणि त्यासाठी दोर लांब सोडावा लागतो, पाण्याच्या खोलीच्या निदान पाच पट, वारा असेल तर सात पट. आणि खोली धरायची ती भरतीची. समजा ओहोटीला २ मीटर पाणी आहे, तिथेच उधाणाच्या भरतीला ६ होतं, वर बोटीच्या नाकाची उंची एक मीटर, म्हणजे पाच पटीने दोर झाला ३५ मीटर. त्यात बोटीची लांबी मिळवा. एक बोट आपल्या नांगरापासून चारी बाजूंना साधारण ४५ मीटरपर्यंत फिरणार आणि शेजारची पण तेवढाच. आता सांगा वर्सोव्याच्या खाडीत एवढी जागा कुठून आणायची, आधीच तोंडाशी गाळ, ओहोटीला मोठ्या बोटी भरतीची वाट बघत थांबतात, आणि मधूनच मढची फेरीबोट पण जायला पाहिजे.

मग लोक काय करतात, दोर आखडता घेतात. आखडता दोर म्हणजे भरती चढली की नांगर वर उचलला जातो आणि बोट चालायला लागते. नाहीतर तीन-चार बोटी एकमेकांना बांधून एकाच नांगरावर सोडतात, मग त्या नांगरावर चारांचा ओढा. आणि एकीवर गॅस भडकला तर बाकीच्यांनी काय करायचं हा प्रश्न कोणी विचारत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार पाणी फिरताना होतो. दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, तेव्हा लाकडी जड बोट पाण्याच्या ओढीने फिरते आणि हलकी फायबरची बोट वाऱ्याच्या तोंडाला उभी राहते, दोघी एकमेकींकडे पाठ करून सरकत येतात. त्यात एखादा शहाणा पुढे-मागे दोन नांगर टाकून बसलेला असतो, तो काही फिरतच नाही, बाकीचे फिरून त्याच्यावर येतात. मागच्या सीझनला आमच्या शेजारी रात्री असंच झालं, फायबरच्या बोटीचा मागचा कठडा लाकडी बोटीच्या नाकाखाली अडकला, पाणी चढत होतं तसा कठडा वाकत गेला, धक्का सोसायला टायर लावले होते पण ते बाजूला, मागे कोण टायर लावतो. शेवटी कोयत्याने दोर तोडला, त्या दोराचे पैसे कोणी द्यायचे यावर अजून बोलणं चालू आहे.

आमच्यातले जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, हे सगळं न लिहिता पाळत आले. आधी आलेल्याची जागा आधी, नंतर आलेल्याने त्याच्यापासून लांब राहायचं, आधीच्याने एक नांगर टाकला असेल तर आपण पण एकच टाकायचा. हळू यायचं, लाट उठवायची नाही, दुसऱ्याच्या दोरावरून नांगर टाकायचा नाही, टाकल्यावर इंजिन मागे घेऊन नांगर बसला का बघायचं. मग काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, देवळाचा कळस आणि मागचा टॉवर, त्या रेषेतून हलल्या की समजायचं घसरतोय. आता मालक एकीकडे, खलाशी बाहेरगावचे, दर सीझनला नवीन, त्यांना हे शिकवणार कोण? आणि सांगायला जावं तर समोरचा म्हणतो खाडी काय तुझ्या बापाची आहे का. त्याचं पण चूक नाही, कुठे लिहिलेलंच नाही तर.

दिव्याचं मात्र लिहिलेलं आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत नांगरावरच्या लहान जहाजाला रात्री चारी बाजूंनी दिसेल असा एक पांढरा दिवा आणि दिवसा पुढे एक काळा गोळा सांगितलाय. आमच्याकडे काय दिसतं तर लग्नाच्या मंडपासारख्या लाल-हिरव्या लुकलुकत्या एलईडीच्या माळा, नाहीतर पूर्ण अंधार. लाल-हिरवा दिवा समुद्रात चालत्या बोटीची डावी-उजवी बाजू दाखवतो, येणाऱ्याने समजायचं काय? काळा गोळा तर मी आमच्या खाडीत एकाही बोटीवर बघितला नाही.

गेटवेला जा, तिथे पण तेच. एलिफंटा-मांडव्याच्या लाँचेस, पलीकडे नांगरलेल्या यॉट, गर्दीत प्रवासी एका लाँचमधून दुसऱ्या लाँचमध्ये उडी मारून उतरतात. डिसेंबर २०२४ ला नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ माणसं गेली, त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. जॅकेट पाहिजेच, त्याला कोणाचा विरोध नाही, पण ते धडक झाल्यावर कामाला येतं, कोणी कुठून जायचं आणि किती लांबून जायचं हे पाण्यावर आखायचं राहिलंच. आता रेडिओ क्लबजवळ नवी जेटी होतेय, तिच्यासमोर बोटी उभ्या कुठे राहणार हे पण आत्ताच ठरवा.

अंतर भांडल्याशिवाय मिळत नाही हे वरळीकरांनी बघितलं. कोस्टल रोडच्या पुलाखाली खांबांमध्ये ६० मीटर सोडणार होते, कोळ्यांनी काम अडवलं तेव्हा ते १२० झालं. आणि तौक्ते वादळ आठवा, १७ मे २०२१. बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पी-३०५ बार्जचे नांगर गेले, त्यावर २६१ माणसं होती, बार्ज बुडाली आणि कित्येक माणसं गेली. एवढ्या मोठ्या बार्जची ही गत, तर वादळाचा इशारा आला की आमच्या बोटी एका संध्याकाळी सगळ्या एकदम आत घुसतात, जागा मिळेल तिथे नांगर टाकतात, तेव्हा आमचं काय होणार.

२०२५ मध्ये सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, चांगलं केलं. पण शेताला बांध आहे, सातबारा आहे, मोजणी आहे, नांगराच्या जागेला काहीच नाही. म्हणून मागणं असं की प्रत्येक बंदरातल्या पाण्याचा नकाशा काढा, मधली येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून बाजूला रांगा आखा, लहान बोटी वेगळ्या, मोठ्या वेगळ्या. जागा कमी आहे हे मान्य, म्हणूनच काँक्रीटच्या ठोकळ्याला साखळीने बांधलेले कायमचे बोये (तरंगते पिंप) द्या, बोयाला बांधलेल्या बोटीला एवढा लांब दोर लागत नाही, फेरा छोटा होतो. जिथे बोये जमणार नाहीत तिथे एका रांगेत सगळ्यांनी पुढे-मागे दोन नांगर, नाहीतर सगळ्यांनी एक, अर्धे असे अर्धे तसे चालणार नाही. वादळात कोणी कुठे थांबायचं ते मे महिन्याआधी ठरलेलं असू दे. आणि धक्क्यावर एक माणूस द्या ज्याला "जरा पुढे घे" म्हणायचा अधिकार आहे. दिवा बोटीच्या वार्षिक तपासणीत बघा, पण साहेब त्यावरून डिझेलचा परतावा अडकवू नका, तो आधीच उशिरा येतो.

नकाशा ऑफिसात बसून काढलात तर फुकट जाईल, तांडेलांना बसवा. आणि बघायला याल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी सहाला या, तेव्हा मुंबईत उधाणाची ओहोटी असते. दुपारी आलात तर भरती असेल, खाडी मोठी दिसेल, फोटो चांगले येतील आणि तुम्ही म्हणाल जागा तर भरपूर आहे.

आपला,
वर्सोव्याचा एक बोटवाला