आमच्या पालकसभेच्या ताईंना आभाराचे पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचा धाकटा मुलगा या एप्रिलमध्ये चौथी पूर्ण करून आपल्या शाळेतून बाहेर पडला आणि पालकसभेच्या निमंत्रकपदाची जबाबदारीही तुम्ही दुसऱ्यांकडे सोपवली. शेवटच्या सभेत तुमच्या आभाराचा ठराव एकमताने मंजूर झाला, पण ठरावाच्या दोन ओळींत जे मावले नाही ते सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटले. पत्र उघड लिहीत आहे, कारण साताऱ्यात आणि आसपास ज्यांची मुले लहान, प्रयोगशील शाळांत शिकतात त्या पालकांनाही तुम्ही काय केलेत आणि कसे केलेत हे कळायला हवे.

तुम्ही निमंत्रक होण्यापूर्वी पालक-शिक्षक संघ कागदावर होताच. सभाही होत असे, पण तिच्यात आम्ही पालक ऐकायला बसत असू आणि मनातले सगळे सभा संपल्यावर फाटकाजवळ बोलत असू. आपल्या शाळेत घटक चाचण्या नाहीत, वर्गात नंबर काढले जात नाहीत, प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी बाईंनी लिहिलेल्या नोंदी असतात. अशा शाळेत मूल घालणाऱ्या आईबापांना घरातूनच शंभर प्रश्न विचारले जातात, आणि आत काय चालते हे स्वतः पाहिलेले नसेल तर त्यांची उत्तरे देता येत नाहीत. पालकांचा विश्वास भाषणांनी टिकत नाही, त्यांना शाळेच्या कामात जागा द्यावी लागते, हे तुम्ही आमच्यापैकी कोणाच्याही आधी ओळखले होते.

शिक्षण हक्क कायद्यातील कलम २१ तुम्ही वाचून दाखवलेत, ती सभा मला चांगली आठवते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे २००९चा हा कायदा सांगतो. आपली शाळा विनाअनुदानित असल्याने ते कलम आपल्याला लागू होत नाही, असे एका पालकांनी लगेच निदर्शनास आणले आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. तुम्ही शांतपणे विचारलेत, "लागू नाही, पण तसे करायला मनाई तर नाही ना?" त्यानंतर आपली पालक समिती त्याच प्रमाणात निवडली जाऊ लागली. २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांचे पालक तोवर मागच्या भिंतीला टेकून बसत आणि फी भरत नसल्याने बोलायला संकोचत. समितीत त्यांची नावे आली तेव्हा तो संकोच एका दिवसात गेला नाही, पण जायला लागला.

सभेची वेळही तुम्हीच बदलून घेतलीत. सकाळी अकराला बोलावलेली सभा बांधकामावर, मंडईत किंवा एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांना रोजगार बुडवल्याशिवाय गाठता येत नव्हती. ती संध्याकाळी सातला आली, शेजारच्या वर्गात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला पाळीपाळीने दोन पालक बसू लागले, आणि ज्या आया कडेवर मूल घेऊन दारातच उभ्या राहत त्या आत येऊन सतरंजीवर बसू लागल्या. हा बदल लहान वाटेल, पण माझ्या मते आपल्या सभेत सर्वांत मोठा फरक त्यानेच पडला.

त्याच सुमारास तुम्ही फलकावरची वर्गणीची यादी उतरवलीत आणि तेथे कोरा कागद लावून वर लिहिलेत, "मला काय येते?" कोणी शिवण लिहिले, कोणी सायकल दुरुस्ती, कोणी भारूड. गोडोलीकडून येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी 'गिलावा' एवढा एकच शब्द लिहिला होता. ते गवंडी आहेत. तुम्ही त्यांना तिसरीच्या वर्गावर बोलावलेत, तेव्हा ते थापी, ओळंबा आणि एक लांब पारदर्शक नळी घेऊन आले. नळीत पाणी भरून त्यांनी एक टोक दाराजवळच्या मुलीच्या हातात दिले आणि दुसरे खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातील मुलाच्या. पाणी स्थिरावल्यावर दोन्ही भिंतींवर पेन्सिलीने खुणा करायला सांगितल्या. मुलांनी फरशीपासून दोन्ही खुणांची उंची मोजली, ती सारखी आली नाही. "आपली फरशी त्या बाजूला उतरती आहे," असे ते म्हणाले, तेव्हा एका मुलाने विचारले की फरशी उतरती असेल तर नळीतले पाणी तिकडे का वाहून गेले नाही. बाईंनी उत्तर सांगितले नाही. पुढचे काही दिवस मुले बाटल्या आणि नळ्या घेऊन अंगणात तेच शोधत होती. त्या दिवसानंतर ते गृहस्थ सभेला पुढे बसू लागले आणि स्वच्छतागृहाच्या गळक्या छताचा विषय निघाला तेव्हा दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज त्यांनीच सांगितला.

आपल्या जिल्ह्याला हे परके नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. मुलांच्या वसतिगृहासाठी घराघरांतून मूठ मूठ धान्य बाजूला काढणारी साधी माणसे आणि मुलांच्या दोन घासांसाठी अंगावरचे दागिने मोडणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या आधारावर ती वाढली. तुमचे वडील 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकले, हे तुम्ही एकदाच, तेही कोणीतरी विचारले म्हणून, सांगितले होते. वर्गणीपेक्षा हातांच्या कामाला तुम्ही अधिक मान का देता हे मला तेव्हा उमगले.

आता तुमच्या इतिवृत्ताच्या वहीविषयी लिहिते. पोवई नाक्याजवळ खाणावळ चालवताना लागलेली हिशेबाची शिस्त तुम्ही सभेत आणलीत. वहीच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले असत: ठराव, कोण करणार, कधीपर्यंत, आणि झाले की राहिले. सभेची सुरुवात मागचे पान वाचूनच होई. "बघू", "करून टाकू" असे कोणी म्हटले की तुम्ही पेन थांबवत असा आणि नाव व तारीख मिळाल्याखेरीज पुढे लिहीत नसा. पाण्याच्या टाकीचे झाकण तीन सभांमध्ये "राहिले" या रकान्यात होते. ज्यांच्याकडे ते काम होते त्यांचे नाव तुम्ही तीनही वेळा एकाच सुरात वाचलेत, टोमणा मारला नाहीत आणि सूटही दिली नाहीत. चौथ्या सभेपूर्वी झाकण बसले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते तुम्ही मुलांच्या सभेसाठी केलेले काम. बालसभा आपल्या शाळेत दर शनिवारी आधीपासून भरत असे, मुले ठरावही करत, पण ते वर्गाबाहेर जात नसत. बालसभेकडून आलेला ठराव पालकसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला घ्यायचा आणि तो समजावून सांगायला दोन मुलांना बोलवायचे, असा नियम तुम्ही करून घेतलात. स्नेहसंमेलनाच्या वर्षी आम्ही नाचांसाठी ड्रेपरी, म्हणजे भाड्याचे पोशाख, ठरवून आगाऊ रक्कमही देऊन बसलो होतो. तिसरी-चौथीच्या मुलांचे पत्र तुम्ही वाचून दाखवलेत: "आम्हाला ड्रेपरी नको. ती टोचते आणि तिला वास येतो. आम्ही घरच्या कपड्यांत नाचू आणि मुखवटे स्वतः बनवू." अनेक आयांना ते रुचले नाही. फोटो चांगले येणार नाहीत, आजी-आजोबा येणार आहेत, पैसे तर देऊन झाले, असे बरेच बोलून झाले. तुम्ही सगळ्यांचे ऐकून घेतलेत, मग त्या दोन मुलांना विचारलेत की मुखवट्यांना किती दिवस लागतील आणि कागद कुठून आणणार. त्यांच्याकडे दोन्हींचे उत्तर तयार होते. हात वर करून मत घेतले तेव्हा मुलांचा ठराव थोड्या फरकाने मंजूर झाला. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही, आणि तीही तुम्ही हिशेबात स्पष्ट दाखवलीत.

मुलांचे प्रत्येक म्हणणे मान्य झाले असे मात्र नाही. शनिवारची वर्गसफाई बंद करावी हा त्यांचा ठराव पालकसभेने नाकारला. तेव्हा बाईंकरवी निरोप न धाडता तुम्ही स्वतः बालसभेत गेलात, मुलांमध्ये मांडी घालून बसलात आणि नकाराची कारणे सांगितलीत. मुलांना नकार आवडला नाही, पण आपले म्हणणे कोणी तरी नीट वाचले आहे हे त्यांना कळले. माझी मुलगी त्या दिवशी घरी येऊन तुमची कारणे जशीच्या तशी सांगत होती आणि त्यातल्या एका कारणावर तिचा अजूनही आक्षेप आहे.

एका वर्षी परीक्षा आणि गृहपाठ सुरू करावा, अशी मागणी काही पालकांनी जोराने लावून धरली. पहिलीची मुले छोटे शब्द वाचतात, पण त्यांना क, ख, ग, घ क्रमाने म्हणता येत नाही, ही त्यांची मुख्य काळजी होती. तुम्ही वाद घातला नाहीत. पालकांनी एक पूर्ण दिवस वर्गात बसावे अशी सोय बाईंशी बोलून करून दिलीत. अक्षरे गटागटांनी का शिकवतात आणि त्यामुळे मुलांना पहिल्या काही आठवड्यांतच अर्थपूर्ण शब्द कसे वाचता येतात, हे बाईंनी फळ्यावर करून दाखवले. आपल्याच जिल्ह्यातील फलटणला कमला निंबकर बालभवनात मॅक्सिन बर्नसन यांनी मुलांच्या वाचनावर किती मोठे काम उभे केले, याचीही माहिती तुम्ही सभेत दिलीत. बऱ्याच जणांचे समाधान झाले. काहींचे झाले नाही आणि त्यांनी मुलांना दुसऱ्या शाळेत घातले. त्यांच्याही घरी तुम्ही नंतर जात राहिलात, याची मला विशेष कृतज्ञता वाटते, कारण लहान शाळेत सोडून गेलेल्यांविषयी कटुता फार लवकर साचते.

कसे शिकवायचे हे शिक्षक ठरवतील, पालक प्रश्न विचारतील पण हुकूम सोडणार नाहीत, ही रेघ तुम्ही पहिल्या वर्षीच आखलीत. बाईंना पालकसभेची धास्ती वाटत नाही, त्या स्वतःहून अडचणी घेऊन सभेत येतात, याचे श्रेय मी त्या रेघेला देते.

ताई, तुमची वही आता शाळेच्या कपाटात आहे आणि नव्या निमंत्रकांनी पुढच्या पानांवर तेच चार रकाने आखले आहेत. जूनमध्ये पहिलीच्या नव्या पालकांची सभा संध्याकाळी सात वाजता ठेवली आहे. "मला काय येते?" हा कागद त्यांना तुम्हीच समजावून सांगावा, अशी समितीची आणि माझी विनंती आहे. खाणावळीची संध्याकाळची वेळ असेल हे ठाऊक आहे. त्या दिवशी वाढायला आम्ही दोघी-तिघी पालक येऊ, तसे समितीत ठरले असून नावेही वहीत लिहिली आहेत.

आपली कृतज्ञ,
तिसरीतील एका मुलीची आई
सातारा