शैवालाने ‘द बर्ड्स’चा उलगडा होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘द बर्ड्स’ (१९६३) या चित्रपटावर आलेला लेख वाचला. पक्षी माणसांवर का तुटून पडतात याचे उत्तर विषारी शैवालात सापडले, हा त्यातला निष्कर्ष पटण्यासारखा नाही.

या चित्रपटाशी जोडल्या जाणाऱ्या घटनेत, कॅलिफोर्नियातील कॅपिटोला येथे ऑगस्ट १९६१ मध्ये समुद्रपक्षी रात्रीच्या वेळी घरांवर येऊन आदळले आणि त्या काळातल्या प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) जतन केलेल्या नमुन्यांत विष तयार करणारे शैवाल संशोधकांना कित्येक वर्षांनी आढळले, हे खरे आहे. परंतु ते पक्षी भरकटलेले होते. चित्रपटात शाळेबाहेर सिगारेट ओढत बसलेल्या, बाहेरगावाहून आलेल्या नायिकेच्या, मेलनीच्या पाठीमागे, मुलांच्या खेळायच्या सांगाड्यावर आधी एक कावळा येतो, मग आणखी काही, आणि ती वळून पाहते तोवर सगळा सांगाडा काळा झालेला असतो. तरीही मुले बाहेर पडेपर्यंत त्यांचा हल्ला होत नाही. विषबाधेने भान हरपलेला पक्षी असा दबा धरून बसेल काय?

शिवाय भरकटण्याचा हा खुलासा चित्रपटानेच मांडून मोडीत काढला आहे. उपाहारगृहातल्या प्रसंगात कॅपिटोलाशेजारच्या सांताक्रूझ शहरातल्या आदल्या वर्षीच्या घटनेचा विषय निघतो, तेव्हा धुक्यात वाट चुकलेले पक्षी दिव्यांच्या रोखाने गावात शिरले, असे पक्ष्यांच्या अभ्यासक बाई ठामपणे सांगतात. एक दारुडा जगाचा अंत आला म्हणतो आणि मध्येच तळलेल्या कोंबडीची ऑर्डर जाते (हा खट्याळपणा खास हिचकॉक यांचा). थोड्याच वेळात पेट्रोल पंपावर हल्ला होतो, अभ्यासक बाई गप्प होतात आणि मुलांची भेदरलेली आई, हे सारे तू आल्यापासून सुरू झाले, असा ठपका मेलनीवर ठेवते.

माझ्या मते चित्रपटाचे मर्म याच प्रसंगात आहे. कारण सापडेना की माणसे गुन्हेगार शोधू लागतात आणि नजर परक्यावर जाते. आपल्या शिराळा भागात उसाच्या फडात बिबट्या दिसला की ‘कुणीतरी गाडीतून आणून सोडला’ अशी आवई उठते, तीही याच जातीची. तिथे निदान उसाचा आडोसा आणि कुत्र्या-शेळ्यांचे आयते भक्ष्य ही कारणे दाखवता येतात. हिचकॉक यांनी प्रेक्षकाला तेवढाही आधार ठेवलेला नाही.

मेलनी ज्याच्यासाठी गावात येते त्या मिचच्या आईचा मत्सर पक्ष्यांच्या रूपाने बाहेर पडतो, हा अर्थ शैवालापेक्षा सरस खरा, कारण मेलनी त्या घराच्या जवळ येते तसतसे हल्ले वाढतात. पण मग शेतकरी डॅन फॉसेटचा काय संबंध? त्याचे डोळे टोचून काढलेले प्रेत पाहून ती आईच कोलमडते.

लेखात निसर्गाच्या सूडाचाही उल्लेख आहे. तसे असते तर पिंजऱ्यात कोंडलेल्या लव्हबर्डच्या जोडीने सर्वांत आधी चोच उगारायला हवी होती. ती जोडी शेवटपर्यंत शांत राहते आणि तिने कुणालाही इजा केलेली नाही, एवढ्याच कारणावर मिचची लहानगी बहीण कॅथी तिला गाडीत सोबत घेते. या जोडीबद्दल लेखात एक अक्षरही नाही.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली