नावं पुसलेल्या पुड्या ओळखून देणाऱ्या आजींना

आदरणीय आजींना,
सा. न.

आमच्या परसबागवाल्यांच्या बियाणे-देवाणघेवाणीत नावं पुसलेल्या पुड्यांचा ढीग साठला होता. तो तुम्ही निवडून दिलात, शिवाय प्रत्येकाची खूणही सांगितलीत. त्या खुणा सगळ्यांच्या कामाच्या आहेत, म्हणून आभार असे जाहीर मानतो आहोत.

दोडका नि घोसाळं, दोन्ही बिया काळ्या आणि चपट्या. बोट फिरवलं की दोडक्याची खरबरीत लागते, तर घोसाळ्याची गुळगुळीत, आणि तिच्या कडेला बारीक झालर असते. कांद्याचं बी आणि कलौंजी दोन्ही काळी, कोनेदार. चुरडल्यावर मसाल्यासारखा उग्र वास आला तर कलौंजी. कांद्याचं बी वर्षभरात जोम गमावतं, तेव्हा ओळख पटली तरी २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. दहा-बारा दिवसांत निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर वाफा अडवू नये. टोमॅटोच्या बीवर लव असते, मिरचीची गुळगुळीत असते. पण आम्लात धुतलेल्या बियाण्यावर ती लव उरत नाही, आणि घोळ होतो तो तिथेच.

राजगिऱ्याच्या दाण्याभोवतीची कड भिंगाखाली स्वच्छ दिसते. राळा, वरी मात्र टरफलासकट असतील तरच ओळखावेत. कांडून टरफल काढल्यावर फरक जवळजवळ पुसला जातो, शिवाय असा दाणा पेरणीच्या भरवशाचा नाही.

सगळ्यात मोठे उपकार मोहरीच्या पुडीचे. तिच्यातले पिवळ्या धोतऱ्याचे दाणे तुम्ही वेगळे काढलेत. मोहरी गुळगुळीत, फोडली की आत पिवळी. धोतऱ्याचा दाणा काळपट, त्याच्यावर जाळीसारख्या रेघा, आत पांढरा. याच्या तेलाची भेसळ झालेलं मोहरीचं तेल खाऊन १९९८ साली दिल्लीत माणसं दगावली. मोहरी खाण्याची असो की पेरण्याची, पांढऱ्या ताटात पसरून बघायलाच हवी.

आणि कोबी, फुलकोबी, नवलकोल? ते तुम्ही एकत्रच ठेवलेत. "हे हातानं कळायचं नाही, पेरा," म्हणालात. तिन्ही एकाच प्रजातीची, त्यामुळे बीच काय, बदामी आकाराची पहिली दोन पानंही सारखीच. अंदाजानं नाव लिहिण्यापेक्षा पुडी कोरी ठेवणं आम्हाला फार मोलाचं वाटलं.

अश्विनात ते बी वाफ्यावर टाकतो आहोत. नवलकोलानं गड्डा धरला की कळवू.

तुमचे,
परसबागवाले