डब्यावर प्रथिनाचा आकडा असतो, लायसिनचा नसतो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत वीगन आहार आणि व्यायाम यांवर आलेला लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला होता. पण प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्याला स्नायू कमवायचे असतील तर बीसीएएच्या, म्हणजे तीन अमिनो आम्लांच्या (प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांतल्या तिघांच्या), पावडरीवाचून गत्यंतर नाही, असे एक वाक्य त्यात होते. हेच वाक्य गेल्या वर्षी आमच्या घरात रोज ऐकू यायचे आणि त्यापायी माझ्या मुलाचे चार महिने वाया गेले. म्हणून हे पत्र.

मी 22 वर्षे अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली. नायट्रोजनची चाचणी माझ्या टेबलावर असायची. डब्यावर छापला जाणारा प्रथिनांचा आकडा याच चाचणीतून येतो, आणि असे हजारो आकडे मी स्वतः काढले आहेत.

मुलगा 20 वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने दूध, मध, सगळेच सोडले. कारणे त्याने मला शांतपणे समजावून सांगितली, मला ती पटली, आणि त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. जिममधल्या कोचने मात्र त्याला सांगितले, "तुझ्या जेवणात अमिनोच नाहीत, ते बाहेरून घ्यावे लागतील." मग कलिंगडाच्या चवीची पावडर घरात आली. सकाळी उपाशीपोटी एक स्कूप, व्यायाम चालू असताना एक, झोपण्यापूर्वी एक. शेकर कितीही हलवला तरी वर फेस राहायचा आणि पांढरे कण कडेला चिकटून बसायचे, कारण त्यातले ल्युसिन हे अमिनो आम्ल पाण्यात सहजी विरघळत नाही. मुळात ते कडू असते, म्हणून त्यात गोडवा भरमसाट घातलेला. तीन स्कूप पोटात गेले म्हणजे प्रथिनांची सोय झाली असे तो धरून चालला आणि जेवण हळूहळू कमी होत गेले. चार महिन्यांत वजन 69 किलोवरून 66 वर आले. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायची बैठक, 80 किलोवर अडकला तो अडकलाच.

एका रविवारी मी त्याला म्हटले, आपण भांडायचे नाही, मोजायचे. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि सात दिवस तो जे खाईल ते वहीत लिहिले. सरासरी निघाली दिवसाला 54 ग्रॅम प्रथिने. त्यातली 40 ग्रॅम गव्हाच्या पदार्थांतून आणि उरलेली 14 डाळींतून. 66 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम म्हणजे किलोमागे जेमतेम 0.8 ग्रॅम. नुसते बसून राहणाऱ्याचे यात कसेबसे भागते. वजन उचलणाऱ्याचे भागत नाही.

मग मी लायसिनचा, म्हणजे अन्नातूनच मिळवावे लागणाऱ्या एका अमिनो आम्लाचा, हिशेब केला. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या तज्ज्ञांच्या 2007 च्या अहवालात प्रौढ माणसाला दररोज किलोमागे 30 मिलिग्रॅम लायसिन लागते असे दिले आहे. म्हणजे मुलाला 1980 मिलिग्रॅम. गव्हाच्या प्रथिनात लायसिन कमी, डाळींच्या प्रथिनात त्याच्या दुपटीहून जास्त. सगळे जोडून त्याच्या ताटातून साधारण 2000 मिलिग्रॅम मिळत होते, आणि त्यातले सगळे पचतेच असे नाही. कमतरता होती ती इथे. तीन स्कूप बीसीएएमधून त्यात किती भर पडत होती? शून्य. बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. लायसिन त्यात नसतेच.

आपण वर्तमानपत्राचे लोक आहात, म्हणून जुन्या छापखान्याचे उदाहरण देते. शरीर 20 प्रकारचे खिळे जुळवून प्रथिनाचा मजकूर उभा करते. त्यातले 11 ते गरजेप्रमाणे घरच्या घरी ओतून घेते, 9 मात्र बाहेरूनच आणावे लागतात: हिस्टिडिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, लायसिन, मेथिओनिन, फेनिलअ‍ॅलानिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन. (यातले थ्रिओनिन सगळ्यांत उशिरा, 1935 साली, अमेरिकेत विल्यम रोझ यांच्या प्रयोगशाळेत सापडले.) 'ल'चे खिळे पोत्याने आणून ठेवले आणि 'य' संपला, तर ओळ तिथेच थांबते. ल्युसिनचे काम खास आहे हे खरे. स्नायूंची बांधणी सुरू करण्याचा इशारा ते देते. पण इशारा मिळाला तरी खिळे हवेतच, आणि नुसता बीसीएए घेतला तर उरलेले सहा शरीर स्वतःच्याच स्नायूंतून उपसते.

हे मी मनाने सांगत नाही. 2017 साली संशोधक रॉबर्ट वुल्फ यांनी तोपर्यंतचा पुरावा तपासला आणि एकटा बीसीएए माणसाच्या स्नायूंची बांधणी वाढवतो या दाव्याला आधार नाही, असे लिहिले. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात व्यायामानंतर 5.6 ग्रॅम बीसीएए दिल्यावर बांधणीचा वेग 22 टक्क्यांनी वाढलेला दिसला. ही बाजूही सांगितली पाहिजे. पण त्याच संशोधकांनी नोंदवले की तेवढाच बीसीएए असलेल्या पूर्ण प्रथिनाने आधीच्या प्रयोगांत जी वाढ झाली होती, तिच्या ही साधारण निम्मी आहे. म्हणजे पूर्ण प्रथिन खाल्ले तर त्यातला बीसीएए मिळतोच आणि कामही दुप्पट होते.

वीगन माणसाला पूर्ण प्रथिन मिळणार कुठून, हा पुढचा प्रश्न, आणि मला वाटते सगळी भीती इथेच आहे. ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठात 19 वीगन आणि 19 मिश्राहारी तरुणांना 12 आठवडे पायांचा व्यायाम दिला गेला. सगळ्यांची प्रथिने दिवसाला किलोमागे 1.6 ग्रॅमवर आणली, वीगनांची सोयाच्या पावडरीने, दुसऱ्यांची व्हेने, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाने. पायांचे स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. हा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. 1.6 हा आकडाही हवेतून आलेला नाही. 2018 साली 49 प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात साधारण या मात्रेच्या पुढे प्रथिने वाढवून स्नायूंत आणखी भर पडताना दिसली नाही. वाटाण्याच्या प्रथिनावर 2015 मध्ये झालेल्या 161 पुरुषांच्या प्रयोगातही दंडाचे स्नायू व्हे घेणाऱ्यांइतकेच वाढले होते.

आमच्या घरी बदल केला तो एवढाच. दुपारच्या जेवणात 50 ग्रॅम कोरडे सोया चंक्स, त्यातून 26 ग्रॅम प्रथिने. व्यायामानंतर वाटाण्याच्या प्रथिनाची पावडर, त्यातून 24. आधीचे 54 धरून 104 झाले, किलोमागे 1.6 च्या अगदी जवळ. लायसिन 5000 मिलिग्रॅमच्या पुढे गेले. ल्युसिनचे म्हणाल तर या दोन्हींतून प्रत्येकी 2 ग्रॅमच्या आसपास मिळते, आणि त्याच्या जुन्या डब्याच्या एका स्कूपमध्ये अडीच होते. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी तो डबा आणला होता, तीही ताटात आलीच. पाच महिन्यांनी स्क्वॉट 95 किलोवर गेला. याचे सगळे श्रेय प्रथिनांना देणे बरोबर नाही. तो पोटभर जेवू लागला आणि वेळेवर झोपू लागला, त्याचाही यात वाटा आहे.

अमिनोचे सगळेच डबे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्ले असलेली पावडर, जिला ईएए म्हणतात, ती खरोखर काम करते. आजारपणामुळे किंवा वयामुळे ताटभर जेवण जात नाही अशांना तिचा उपयोग आहे. ज्याचे जेवण धान्यावरच चालते आणि डाळी सोसत नाहीत, त्याने डॉक्टरांना विचारून लायसिन घ्यावे. आणि वीगन तरुणांना एक गोष्ट कोच क्वचितच सांगतात: क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा मिळायला मदत करणारा पदार्थ. ते शरीरात आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिनपासून बनते, आहारातून मिळते ते मुख्यतः मांस-मासळीतून, म्हणून वीगनांच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. बाजारातले क्रिएटिन कारखान्यात रसायनांपासून बनवतात, प्राण्यांपासून नाही. दिवसाला 3 ते 5 ग्रॅम पुरते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे काय किंवा जास्तीची प्रथिने काय, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नकोत. बी-12 मात्र प्रत्येक वीगन व्यक्तीने घेतलेच पाहिजे, व्यायाम करो वा न करो.

आता माझ्या टेबलाविषयी. त्या चाचणीचे नाव केल्डाल. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी ती 1883 साली शोधली. नमुना तोलून फ्लास्कमध्ये घ्यायचा, तीव्र गंधकाम्ल घालून उकळायचा. आधी तो डांबरासारखा काळा होतो, मग तपकिरी, आणि काही तासांनी फ्लास्कमध्ये स्वच्छ हिरवट-निळा द्रव उरतो. त्यात अल्कली घालून अमोनिया उडवायचा, तो बोरिक आम्लात धरायचा, आणि हिरवा झालेला रंग परत गुलाबी होईपर्यंत ब्युरेटमधून आम्ल थेंबथेंब सोडायचे. त्यावरून नायट्रोजन निघतो. त्याला 6.25 ने गुणले की झाला प्रथिनांचा आकडा.

त्या हिरवट-निळ्या द्रवाकडे बघून आत सोया होते की गहू, लायसिन होते की नव्हते, हे जगातला कोणताही तंत्रज्ञ सांगू शकत नाही. सगळ्याचा अमोनिया झालेला असतो. म्हणून पावडरीत कोणी स्वस्तातले ग्लायसिन मिसळले तर ही चाचणी त्याला पकडत नाहीच, उलट बक्षीस देते: 10 ग्रॅम शुद्ध ग्लायसिन या हिशेबाने 11.66 ग्रॅम प्रथिन म्हणून मोजले जाते. चीनमध्ये 2008 साली बाळांच्या दूधभुकटीत मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेले रसायन मिसळले गेले ते याच फटीतून. सुमारे 3 लाख मुले आजारी पडली.

दुसरी चाचणी आहे. नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंश सेल्सिअसवर 24 तास ठेवून प्रथिन सुटे करतात आणि प्रत्येक अमिनो आम्ल वेगळे मोजतात. ट्रिप्टोफॅन त्यात नष्ट होते, ते निराळ्या पद्धतीने काढावे लागते. खर्च जास्त येतो, पण ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. आमच्याकडे नमुने येत, सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा "फक्त प्रथिने" एवढेच लिहिलेले असे. त्या कागदांकडे बघून मला दर वेळी वाईट वाटायचे.

आणखी एक गोष्ट वीगन वाचकांना कळायला हवी. अमिनो आम्ले पिसांच्या आणि केसांच्या केराटिन या प्रथिनापासूनही काढता येतात. हल्ली बरीचशी किण्वनाने, जिवाणूंकडून बनवून घेतात, पण डब्यावर ते लिहिलेले नसेल तर आत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. कॅप्सूलचे वेष्टण बहुधा जिलेटिनचे असते. माझ्या मुलाने चार महिने जे प्यायले ते कशापासून बनले होते, हे त्या डब्यावर कुठेच नव्हते. दूध सोडताना ज्याने इतका विचार केला, त्याला हे शेवटपर्यंत कळू नये याचा मला अजून त्रास होतो. अमिनो तर शरीरातच असतात, त्यांनी काय बिघडणार, असे म्हणणाऱ्यांना 1989 ची आठवण द्यावीशी वाटते. तेव्हा अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांच्या सदोष साठ्यामुळे 1500 हून अधिक माणसे स्नायूंच्या भयंकर दुखण्याने आजारी पडली आणि काही दगावली.

म्हणून माझी मागणी आहे. स्नायूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पावडरीच्या डब्यावर एका स्कूपमधली नऊ आवश्यक अमिनो आम्ले मिलिग्रॅममध्ये छापावीत, वरून काही सुटे मिसळले असेल तर त्याचे नाव आणि वजन द्यावे, आणि मूळ स्रोत लिहावा: वनस्पती, किण्वन की पिसे. कायदा व्हायचा तेव्हा होईल. पण आपल्या पुरवणीत, त्या लेखाच्या शेजारीच, अशा एका डब्याची अर्धे पान जाहिरात होती. पुढची जाहिरात घेण्यापूर्वी या तीन गोष्टी आपण कंपनीकडून मागून घ्याव्यात, आणि त्या मिळाल्या नाहीत तर जाहिरात छापू नये, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ