बॅटरीचे बटण सुटे मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की आमच्या जुन्नर तालुक्यात माणूस एका हातात खोरे आणि दुसऱ्या हातात बॅटरी (टॉर्च) घेऊन दारे धरायला निघतो. उसात बिबट्या असतो, बांधावर मण्यार आणि घोणस. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळू लागली आहे, तिचे स्वागतच आहे. पण रात्री रानात जाणे त्याने संपलेले नाही, आणि अशा वेळी हातातली बॅटरी विझणे ही साधी गोष्ट नव्हे.

माझे विजेच्या वस्तू दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. बंद पडलेल्या ज्या बॅटऱ्या येतात, त्यांतल्या बहुतेकींचा एलईडी शाबूत असतो, सेलही चार्ज धरतो. गेलेले असते ते मागचे बटण. गिऱ्हाईक मात्र आधीच ठरवून आलेले असते, "दादा, हिचं काही होत नाही, नवीच बघतो." तिचे बरेच काही होते, म्हणून हे पत्र.

दोष बटणातच आहे का, हे घरीही कळते. मागची टोपी फिरवून काढा, सेल आत राहू द्या. तांब्याच्या तारेचे एक टोक सेलच्या सपाट बुडाला आणि दुसरे नळीच्या कडेच्या उघड्या धातूला टेकवा (रंगाला नव्हे, रंगातून वीज जात नाही). उजेड पडला तर पुढचे सगळे ठीक आहे, दोष टोपीत. तार गरम लागली तर लगेच काढा. या बॅटऱ्यांत अ‍ॅल्युमिनियमची नळीच निगेटिव्हच्या तारेचे काम करते आणि बटण त्या वाटेत बसवलेले असते. त्यामुळे आट्यांवर साचलेली काळी पूडसुद्धा उजेड मंद करते. कापडाला थोडे स्पिरिट लावून आटे पुसले की पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. नंतर सिलिकॉन ग्रीस लावावे. व्हॅसलिन लावू नये, त्याने काही रबरी रिंगा फुगतात आणि मग पाणी आत शिरते.

टोपीच्या आत दोन खाचांची एक कडी असते. चिमट्याची टोके खाचांत रोवून ती डावीकडे फिरवली की सुटते. खाली नाण्याएवढी पट्टी निघते, तिच्या एका अंगाला स्प्रिंग आणि दुसऱ्या अंगाला बटण. जुने बटण सोल्डर वितळवून काढायचे आणि त्याच मापाचे नवे बसवायचे. हे काम पट्टी बाहेर काढूनच करावे. लिथियम सेलवर सोल्डरिंग कधीही करू नये.

हात लावलाच आहे तर मी आणखी दोन गोष्टी करून देतो. स्प्रिंगच्या आतून तांब्याची मऊ तार वरपासून खालपर्यंत सोल्डर करतो. स्वस्त स्प्रिंग पोलादी असते, ती विजेला तांब्यापेक्षा जास्त विरोध करते. बॅटरी तीन अँपिअर खेचत असेल आणि वाटेत 0.1 ओहम विरोध असेल, तर 0.3 व्होल्ट तिथेच जातो. लिथियम सेल भरलेला असताना 4.2 व्होल्टचा, उतरत उतरत तीनच्या आसपास येतो, त्यातला 0.3 व्होल्ट थोडा नाही. शिवाय अशी वाया जाणारी वीज उष्णता होऊन बटणाच्या प्लास्टिकला लागते आणि ते अडकू लागते. दुसरे म्हणजे बटणाची जात बदलतो. बहुतेक बॅटऱ्यांत बटण पूर्ण दाबून सोडल्यावरच उजेड येतो. दुसऱ्या जातीत अर्धे दाबले की लगेच उजेड आणि सोडले की बंद. बांधावर काही सळसळले तर अंगठा नुसता टेकवायचा. एका हातात खोरे असलेल्या माणसासाठी मला हीच जात योग्य वाटते, आणि ती कारखान्यातूनच बसून यायला हवी.

अडते ते पुढेच. हल्ली कित्येक बॅटऱ्यांत ती कडी चिकटवून टाकलेली असते किंवा टोपी दाबून बंद केलेली असते. ती उघडायला गेले की तुटते. वीस-पंचवीस रुपयांचे बटण तालुक्याच्या बाजारात मिळत नाही, पुण्याहून मागवावे लागते, तेही माप जुळले तर. मग चांगली बॅटरी लिथियम सेलसकट उकिरड्यावर जाते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या गावात सेल परत घेणारे अजून कुणी दिसलेले नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे आहेत. आमच्याकडे बॅटरी हे शेतीचेच अवजार आहे. तिची टोपी आट्यांची असावी, बटणाचे माप खोक्यावर छापावे आणि बटण सुटे विकावे, एवढे तरी उत्पादक व आयातदारांना बंधनकारक करावे. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांसाठी बोलणाऱ्या शेतकरी संघटनांनी ही मागणीही आपल्या निवेदनात घालावी, आणि आपल्या दैनिकाने शेतीच्या पानावर बटण बदलण्याची कृती आकृतीसह छापावी. आकृती काढून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक दुरुस्ती कारागीर, जुन्नर (जि. पुणे)